तुपाची वाटी



आजचं चिंतन गीता 5.18 वर. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने खालचा ठरवलेला माणूस, ज्ञानी या सगळ्यांकडे एकाच नजरेने पाहतो, असं भगवंत तिथे सांगतात. या श्लोकावर मी पूर्वी दोनदा लिहिलंय, छान छान. मग यंदा दिवाळीत वाघ्या आजारी पडला.

वाघ्या म्हणजे चार महिन्यांचं गावठी पिल्लू. आमचं गाव तेरजवळ. आईला बांधावर सापडलेलं. रात्री उलट्या, सकाळी जुलाबातून रक्त. "खाईना, पाणीबी ठरंना," आई म्हणाली. धाराशिवच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी पार्वो सांगितला. या विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तगवायचं, बाकी त्याचं शरीरच लढतं. उपचार नाही केले तर बहुतेक पिल्लं चार-पाच दिवसांत जातात. रात्रंदिवस सलाईन लागेल, सोलापूरला न्या, म्हणाले.

सोलापूरच्या क्लिनिकमध्ये अंदाज सांगितला: पाच दिवस ॲडमिट, 22 हजार. घराचा ईएमआय गेल्यावर माझ्या खात्यात 31 हजार होते आणि त्यातले 18 आण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले. आण्णा हळूच म्हणाले, "आरं, सोयाबीनला भाव न्हाई, अन् कुत्र्याला बावीस हजार?" त्यांचं काय चुकलं? खरं सांगू का, माझ्याही डोक्यात तेच चालू होतं. वर हेही, की एवढे घालून दोन दिवसांत गेलं तर?

तेरचाच माणूस मी, मला गोरोबाकाका आठवले नसते तर नवल. काकांनी थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ असते. त्या काउंटरवर मला माझ्या डोक्यावर थापटणं पडल्यासारखं वाटलं. घरी दत्ताच्या फोटोला हार घालतो, त्यात चार कुत्री आहेत. त्यांचा खर्च येत नाही.

पण तेच नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले, आणि मग भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावले. कोरडी खाऊ नको म्हणून. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, पण एक लक्षात आलं नव्हतं. नामदेवांनी त्यासाठी तूप उसनं आणलं नाही. जेवताना हाताशी होती तीच वाटी घेऊन ते उठले.

मी डॉक्टरांना आकडाच सांगून टाकला. "माझ्याकडून 12 हजार होतील. तेवढ्यात सगळ्यात गरजेचं काय करता येईल?" लाज वाटली, पण त्यांनी वाईट मानलं नाही. ॲडमिट न करता सकाळ-संध्याकाळ आणायचं, कातडीखाली सलाईन, गरजेच्याच तपासण्या. धोका वाढेल, हेही स्पष्ट सांगितलं. मुक्काम मावशीकडे.

मंडळी, लाज खरी दुसऱ्याच गोष्टीची. लस दिली नव्हती. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. खर्च काही शे रुपये. आई दोनदा म्हणाली होती, मी "बघू" म्हटलं. (पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा टोल-फ्री नंबरही सेव्ह करून ठेवा. सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण विचारायला काय जातं?)

तिसऱ्या रात्री वाघ्या मानही उचलेना. मी झोपलो. आण्णा बसून होते, दर अर्ध्या तासाला चमच्याने दोन थेंब पाणी.

पाचव्या दिवशी त्यानं आण्णांच्या हातून मऊ भात खाल्ला. मावशी डबा घेऊनच आली, "वाईच तूप घालू का?"

"डॉक्टरनी तूपबीप बंद सांगितलंय," आण्णा म्हणाले. "नामदेवाला म्हणावं, आठ दिसांनी ये."

राम कृष्ण हरी.