आरंभशूर कोण?

वाचकहो, एक काम अर्धे टाकून दुसरे हाती घेणाऱ्या माणसास आपल्या भाषेत 'आरंभशूर' म्हणतात. शब्द मोठा बोचरा आहे. शूर म्हणावयाचे आणि त्याच तोंडाने नाक कापावयाचे! हा शब्द आम्ही कीर्तनातून पुष्कळ वेळा वापरला, श्रोते हसले, आम्हीही हसलो. परंतु गेल्या मार्गशीर्षात एका घरी तो आमच्यावरच उलटला. ती हकीकत सांगून तिच्यातून निघालेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातील एका गावी आम्ही सप्ताहासाठी गेलो होतो. उतरण्याची सोय एका शेतकऱ्याच्या घरी होती. माजघराला लागून एक लांबट खोली. पूर्वी तिच्यात धान्याच्या कणग्या असत. आता घरची सून, पन्नाशीच्या बाई, तेथे बसून वाकळा शिवतात. कोणी वाकळ म्हणतात, कोणी गोधडी म्हणतात, वस्तू एकच. खाली जुने लुगडे अंथरावयाचे, त्यावर धुऊन मऊ झालेल्या कपड्यांचे थर सुरकुती न पडू देता लावावयाचे, वरून पुन्हा लुगडे किंवा ठिगळांची जोडणी, आणि मग कडेपासून धावदोरा घालीत फेऱ्याफेऱ्यांनी आत मध्यापर्यंत यावयाचे. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालून ठेवतात. एकदा ते पडले, की वाकळ घडी करून महिनाभर बाजूला ठेवली तरी बिघडत नाही. काम हाताचे, एका मोठ्या वाकळीला कित्येक आठवडे लागतात.

त्या खोलीत आम्ही मोजल्या, तर एकूण चार वाकळा अर्धवट होत्या. एक लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी लहानसे दुपटे. एक पुण्याच्या कोणा गिऱ्हाईकाची, पैसे घेऊन करावयाची. तिसरी घरचीच, कडेला लावायला तांबडे सुती कापड मिळेना म्हणून थांबलेली. हल्लीच्या घरांतून निघणाऱ्या जुन्या साड्या बहुधा गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या, त्या सरकतात आणि घामही टिपत नाहीत. चौथी मुलांच्या जुन्या सदऱ्यांची.

उपदेश करण्याची सवय वाईट. आम्ही म्हणालो, "बाई, एक पुरी करावी, मग दुसरीला हात घालावा. लोभ आणि नवनवे आरंभ ही दोन्ही वाढलेल्या रजोगुणाची लक्षणे म्हणून गीतेच्या चौदाव्या अध्यायात सांगितली आहेत."

बाई हसल्या. म्हणाल्या, "महाराज, माझा येळ म्हणजे काय ताग्यातलं कापड हाय व्हय, सलग मिळायला? माझ्या येळाच्या चिंध्याच असत्यात. भाकरीचा तवा तापंस्तोवर दुपट्याचं चार टाकं व्हत्यात. दुपारी सगळी रानात गेली की जमीन मोकळी मिळती, तवा मोठी अंथरायची. रातच्याला डोळं चालत न्हाईत, तवा नुसती ठिगळं जुळवून ठेवायची. एकच धरून बसले तर तीबी व्हायची न्हाई आन् बाकीच्याबी."

वाचकहो, आमच्या चौदाव्या अध्यायाची तेथेच घडी झाली. भर्तृहरीने माणसांचे तीन वर्ग केले आहेत: विघ्नाच्या भयाने आरंभच न करणारे, आरंभ करून विघ्न येताच थांबणारे, आणि कितीही विघ्ने आली तरी न सोडणारे. ह्या बाई कोणत्या वर्गात घालाव्यात? चार कामे हाती घेऊन मिळेल त्या वेळात बसेल ते पुढे सरकविणारा मनुष्य वरवर चंचल दिसतो; वस्तुतः तो चारही कामे सोडीत नसतो. ज्यास पुरुषासारखा सलग वेळ कधी मिळालाच नाही, त्यास सलगपणाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास सावकाश जेवण्याचा गुण सांगणे होय. ह्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात असेही सांगितले आहे, की सगळ्याच आरंभांना काही ना काही दोष चिकटलेला असतो, विस्तवाला धूर असतो तसा. तेवढ्यावरून आपले सहज कर्म टाकू नये. हा अध्याय आम्हास आधी आठवावयास हवा होता.

आम्ही चूक कबूल केली. तेव्हा बाईंनी मान खाली घातली, आणि माळ्यावरच्या पेटीकडे बोट केले. "महाराज, पाचवी हाय. ती तुम्हाला दिसली न्हाई."

पेटीत धोतरांची आणि जुन्या लुगड्यांची एक वाकळ होती. कच्चे टाके पडलेले, कडेने तीन फेरे पुरे, पुढे काही नाही. सासरे वारले त्या वर्षी त्यांची धोतरे आणि सासूबाईंची लुगडी एकत्र करून ती घातली होती. त्याला सहा वर्षे झाली. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या. दर हिवाळ्यात विचारतात, "झाली का गं?" आणि सून म्हणते, "हुईल आता."

"मग करीत का नाही?" आम्ही विचारले.

बाई म्हणाल्या, "आत्याबाई म्हणत्यात, ही पुरी झाली की तुझ्या मामंजींकडं जायला मी मोकळी. त्या बोलल्या तवापास्नं माझा हातच चालत न्हाई. अर्धी हाय तंवर त्या हायत्या, असं वाटतं. महाराज, हे पाप हाय का? असलं तर असू द्या."

आम्ही गप्प राहिलो. त्या रात्री झोप आली नाही.

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात हाच प्रश्न चर्चिला आहे. एखाद्याने फळाच्या इच्छेने यज्ञ आरंभिला आणि मध्येच इच्छा सरली, तर त्याने थांबावे काय? शास्त्राचा निर्णय असा, की थांबू नये. आरंभ केला एवढ्यानेच समाप्ती बंधनकारक होते. तेथे शबरस्वामींनी नुसतेच आरंभ करणाऱ्यास 'प्राक्रमिक' असे निंदेचे नाव दिले आहे, आणि शिष्ट लोक अशा माणसाशी व्यवहार ठेवावयास कचरतात असे म्हटले आहे. आमच्या 'आरंभशूरा'चा तोच पूर्वज म्हणावयाचा. परंतु पुढच्याच अधिकरणात लौकिक कामांचा विचार येतो, आणि तेथे निर्णय निराळा: संसारातली कामे आरंभिली म्हणून ती पुरी केलीच पाहिजेत असे शास्त्राचे बंधन नाही. वाकळ हे लौकिक काम. तेव्हा शास्त्राप्रमाणे बाई निर्दोष. सकाळी हे सांगून आम्हास मोकळे होता आले असते.

पण मन मोकळे होईना. यज्ञ विधीने बांधलेला असतो, हे ठीक. वाकळ विधीने बांधलेली नसते, हेही ठीक. मग तिला कोणीच बांधलेले नसते काय? आतल्या खोलीत एक म्हातारी थंडीत विचारीत असते, "झाली का गं?" लौकिक कामास जे बांधते ते हे विचारणे. तांबड्या कापडासाठी थांबलेल्या वाकळीची कोणी वाट पाहत नव्हते. ती दहा वर्षे थांबली तरी कोणाचे काही जाणार नव्हते. पेटीतल्या वाकळीची वाट पाहिली जात होती. दोन्ही अर्ध्याच, पण एका नावाने दोघींना मोजता येत नाही.

तरीही बाईंना काय सांगावे हे कळेना. पुरी करा म्हणावे, तर त्यांच्या प्रेमावर घाव बसतो. राहू द्या म्हणावे, तर म्हातारीची इच्छा मोडते. शेवटी सकाळी आम्ही त्या वृद्ध माउलीजवळ जाऊन बसलो आणि सरळ विचारले, "आजी, ती वाकळ पुरी झाली की जायचे म्हणता, ते खरे काय?"

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "मरण काय वाकळंला इचारून येतंय व्हय, महाराज? सून दिसभर त्या खोलीत, मी हितं. ती वाकळ लई मोठी. शिवायला घेतली तर माझ्या खाटंपाशी अंथरून बसंल, असं वाटलं. लवकर घ्यावी म्हणून तसं बोलले. तर तिनं पेटीतच घातली."

वाचकहो, सहा वर्षे! एकीने जवळ यावे म्हणून शब्द टाकला, दुसरीने तो अपशकुन म्हणून उचलला आणि प्रेमानेच दूर राहिली. दोघींत अंतर एका भिंतीचे. सुनेचे प्रेम खोटे नव्हते. चूक एवढीच, की ज्याच्यासाठी काम हाती घेतले त्याला काय हवे आहे, हे तिने आपल्या मनाशीच ठरविले.

जनाबाईची वाकळ पांडुरंगाने पांघरली ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या वाकळीचे किती फेरे पुरे होते, हे कथेत कोणी विचारलेले नाही. ती अंगावर आली, एवढेच सांगितले जाते. काम पुरे झाले म्हणजे काय झाले, ह्याचे मोजमाप नुसते टाक्यांनी होत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाठशाळेतील आमच्या गुरुजींनी आम्हास एका टीकाग्रंथाची नक्कल करावयास दिली होती. दोन वह्या झाल्या, तिसरी अर्धी राहिली. कीर्तने वाढली, नवी निरूपणे बसवावयाची होती, एकातून दुसरे निघत गेले. गुरुजी भेटले की विचारीत, "कुठवर आले?" आम्हास वाटे, त्यांना नक्कल हवी आहे, ती नाही म्हणून तोंड दाखवावयास लाज वाटे, आणि लाजेने आम्ही जाणे कमी केले. 2009 साली ते गेले. मूळ पोथी त्यांच्याजवळ होतीच, आणि ती त्यांना मुखोद्गतही होती. त्यांना नकलेचे काय काम होते? ती लिहिताना अडले की विचारावयास आम्ही त्यांच्याकडे जाणार होतो, हे आम्हास त्या म्हातारीच्या खाटेपाशी बसल्यावर प्रथम सुचले. खरे खोटे आता कोणास विचारावे? सुनेला विचारावयास सासू होती. आमच्याकडे नुसती वही आहे.

काल्याचे कीर्तन करून आम्ही निघालो, तेव्हा माजघरातून आत पाहिले. खाटेशेजारी जमिनीवर ती वाकळ अंथरली होती. बाई टाके घालीत होत्या, आणि म्हातारी हात खाली सोडून शिवलेल्या भागावरून बोटे फिरवीत होती. ती पुरी झाली की नाही, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.

तेव्हा आरंभशूर कोण? चार कामे हाती असणारा नव्हे. कापडावाचून, वेळावाचून, प्रकृतीमुळे ज्याचे काम थांबले तोही नव्हे. ज्याच्या कामाची कोणी वाट पाहत आहे आणि जो त्या वाट पाहणाऱ्याकडे जाण्याऐवजी पाचवे काम काढून बसतो, तो आरंभशूर. ह्या व्याख्येत आम्ही बसतो, हे लिहिताना संकोच वाटतो, पण तसे आहे.

वाचकांनी आपापल्या घरातली पेटी एकदा उघडून पाहावी. जे अर्धे निघेल ते सगळे पुरे करा असे आमचे म्हणणे नाही. संसारात ते होतही नाही. त्यातले कोणते कोणासाठी घेतले होते, तेवढे आठवावे. तो मनुष्य हयात असेल तर आधी सुई शोधू नये, आधी त्याच्याजवळ जाऊन बसावे आणि विचारावे. इत्यलम्.