आधी विचारा, तुटतं कसं?

एखादी वस्तू चांगली आहे हे आपण कशावरून ठरवतो? बहुतेकदा ती किती जोरात चालते आणि किती वर्षं टिकते यावरून. माणसांनाही आपण हीच फूटपट्टी लावतो. मी सुट्टीच्या दिवशी मित्राच्या गॅरेजमध्ये जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर खोलत-जोडत असतो. तिथल्या एका पातळशा पत्तीमुळे मला ही फूटपट्टी अपुरी वाटायला लागली आहे. त्या पत्तीला रीड म्हणतात.

ज्यांनी इंजिन कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, ऑइल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येतं. पिस्टन वर गेला की खालचा दाब कमी होतो आणि मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जातं. आता प्रश्न असा की, दाबलेलं मिश्रण आल्या वाटेने कार्ब्युरेटरकडे परत का जाणार नाही? दार कुणीतरी लावायला हवं.

लॅम्ब्रेटामध्ये हे काम पिस्टनच करतो. व्हेस्पा पीएक्समध्ये आणि आपल्या चेतकमध्ये क्रँकची कडा ते करते. दोन्हीकडे दार कधी उघडायचं, कधी लावायचं हे कारखान्यात ठरून गेलेलं असतं. रीडचं तसं नाही. आतला दाब कमी झाला की पत्ती वाकून उघडते, वाढला की आपोआप मिटते. कानपूरच्या एलएमएलने आपल्या स्कूटरच्या इंजिनात रीड बसवली. तुमच्या गल्लीतली आरएक्स १०० सुद्धा रीडवरच श्वास घेते.

इंजिन ट्यून करायचं ठरलं की ही पत्ती महत्त्वाची होते. इटलीतल्या मालोसी, पोलिनी यांचे मोठे सिलिंडर, मोठा कार्ब्युरेटर आणि पोट फुगलेला रेसिंग सायलेन्सर लावला, की इंजिन मूळ आकड्यांच्या फार पुढे फिरायला लागतं. मिनिटाला ८,००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे १३३. तेवढ्या वेळा पत्तीने उघडायचं आणि मिटायचं. पातळ, मऊ पत्ती लवकर उघडते. त्यामुळे खालचा पिकअप छान मिळतो, पण वेग वाढला की तिची नुसती फडफड होते आणि दार नीट लागत नाही. जाड, कडक पत्ती वरच्या वेगात टिकून राहते, पण सिग्नलवरून निघताना गाडी मरगळल्यासारखी वाटते. म्हणून ०.३० मिलिमीटर की ०.३५, यावर गॅरेजमध्ये तासभर वाद चालतो.

इथपर्यंतचं सगळं आलेखावर दिसतं. पत्ती तुटते कशी, हे मात्र त्या आलेखावर कुठेच नसतं.

स्टीलची पत्ती मजबूत. हजारो किलोमीटर तक्रार न करता चालते. पण सतत वाकून धातू थकतो, त्याला केसाएवढी चीर जाते, आणि एक दिवस तुकडा पडतो. तो तुकडा जातो थेट क्रँककेसमध्ये. तिथून तो बेअरिंगमध्ये अडकू शकतो, नाहीतर वर जाऊन पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये सापडतो. इंजिन सीझ झालं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. जुने टू-स्ट्रोकवाले पळत्या गाडीवर दोन बोटं क्लचवर ठेवतात ती याच भीतीने.

फायबरग्लास किंवा कार्बन फायबरची पत्ती लवकर झिजते. तिची टोकं उसवतात, कपचे उडतात. पण ती आधी कुरकुरते: गाडी किक मारून लवकर सुरू होत नाही, आयडलला थांबत नाही, कार्ब्युरेटर मागे फवारे मारायला लागतो. उजेडासमोर धरली की पत्ती आणि बैठकीतली फट दिसते. आणि तुटलीच तर तिचे तुकडे बहुतेक वेळा आतच भुगा होऊन सायलेन्सरवाटे निघून जातात. नुकसान होतं ते मुख्यतः तिचं स्वतःचं.

आता सांगा, या दोघींत चांगली कोण?

आपल्या घरांमध्ये स्टीलचं फार कौतुक असतं. ‘बाबा कधी काही बोलले नाहीत’, ‘ताईने सगळं एकटीने निभावलं’. अशी माणसं खरंच वर्षानुवर्षं निभावतात. मग एक दिवस कर्जाचा आकडा एकदम बाहेर येतो, किंवा दडवलेलं दुखणं. तेव्हा अख्खं घर त्या तुकड्यांवरून चालतं. उलट जो दर महिन्याला ‘मला हे झेपत नाहीये’ म्हणतो, त्याला आपण कच्चा म्हणतो. माझ्या मते तो घरावर उपकार करत असतो. त्याच्या कुरकुरीमुळे वेळेवर खोलून बघता येतं.

पण ही तुलना फार ताणली तर ती घातक आहे, हेही मला जाणवतं. ‘आधी झिजेल, गुपचूप जाईल आणि बदलता येईल’ असा भाग इंजिनात उत्तम. माणसांच्या बाबतीत हेच वाक्य म्हणजे कंत्राटी कामगाराचं वर्णन झालं. इंजिन वाचावं म्हणून कोण झिजणार हे आधीच ठरवून ठेवणारी व्यवस्था आपल्याला चांगली ठाऊक आहे. गटारात माणूस उतरवणाऱ्याचा हिशेबही असाच असतो. कार्बनच्या पत्तीला स्वतःचं आयुष्य नसतं, तिचं काही देणं लागत नाही. माणसाचं लागतं.

त्यामुळे पत्तीकडून माणसाने कसं वागावं हे शिकण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. बघायचं ते निवडणाऱ्या हाताकडे. पत्ती मी निवडतो, गाडीवर बसतो दुसराच. ‘दादा, फक्त पिकअप पाहिजे, बाकी काही सांगू नका’ असं म्हणणारा पोरगा समोर उभा असतो. त्याला हवं ते देऊन मोकळं व्हायचं, की त्याच्या भल्याचं आपणच ठरवायचं? पहिल्यात मी नुसता दुकानदार होतो, दुसऱ्यात त्याचा बाप. दोन्ही मला पटत नाही. मी त्याला दोन्ही पत्त्या हातात देतो आणि प्रत्येक कशी तुटते ते सांगतो. कार्बन घेतलीस तर अधूनमधून उघडून बघावी लागेल, नाही बघितलीस तर तिचा काही उपयोग नाही, हेही सांगतो. मग निवड त्याची.

औषध, कर्ज, नोकरी, लग्न, काहीही देऊ करणाऱ्याने ते चालतं कसं हे रंगवून सांगण्याआधी बिघडतं कसं आणि बिघडलं तर भरपाई कोणाच्या अंगावर पडते, एवढं सांगावं. तेवढं सांगितलं नाही तर समोरच्याचा होकार अर्धाच असतो.

सगळं ऐकूनही काही जण स्टीलच मागतात. लांबचा प्रवास असतो, वाटेत खोलायला वेळ नसतो. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यांच्या जागी कारणही ठीक असतं. माझं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. स्कूटरला दोन सीट असतात. पुढच्याला मी सगळं सांगितलेलं असतं. मागे बसणाऱ्याला पत्ती कसली आहे हे माहीत नसतं, कोणी विचारलेलंही नसतं. पण चाक अडकलं तर पडणार दोघंही. म्हणून गिऱ्हाईक ‘तुम्हीच ठरवा’ म्हणालं, की मी मागच्या सीटकडे बघतो आणि कार्बनची काढतो.