दैव, पुरुषकार आणि लेकराची राखण

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत मुलाची राखण त्याच्या जन्माबरोबरच सुरू होते. सहाव्या रात्री सटीचे पूजन होते आणि त्या रात्री बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिले जाते, अशी श्रद्धा आहे. गावच्या सीमेवरील राखणदाराला, म्हणजे गावाचे व वाटसरूंचे रक्षण करणाऱ्या अदृश्य शक्तीला, गाऱ्हाणे घातले जाते. आणि घरात नवी मोटार आली की ती आधी ग्रामदेवतेच्या दारी नेली जाते. त्याच मोटारीत पुढे तान्हे मूल आईच्या मांडीवर बसते, आणि त्याला स्वतंत्र आसनात बांधून बसवण्याचा विषय निघाला की, आयुष्याची दोरी देवाच्या हाती असताना पट्ट्याने काय साधणार, असा प्रतिप्रश्न होतो. तो अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे योग्य ठरणार नाही, कारण दैव बलवत्तर की प्रयत्न, या भारतीय चिंतनातील अतिशय जुन्या वादाशी तो जोडलेला आहे.

या वादाची नेमकी चर्चा चरकसंहिता या आयुर्वेदग्रंथाच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात आली आहे. पूर्वजन्मी केलेल्या कर्माला तेथे दैव म्हटले आहे आणि या जन्मी होणाऱ्या कर्माला पुरुषकार. आयुष्याचे मान या दोहोंवर अवलंबून असते आणि त्यांपैकी जे बलवान असेल ते दुर्बळाला मागे सारते, असा ग्रंथातील गुरू आत्रेय यांचा सिद्धान्त आहे. काळमृत्यू आणि अकाळमृत्यू यांत भेद कोणता, या शिष्य अग्निवेशाच्या प्रश्नाला उत्तर देताना आत्रेय गाडीच्या आसाचा दृष्टान्त घेतात. चांगल्या घडणीचा आस नीट वापरला तर झिजत झिजत आपली मुदत पुरी करतो. पण तोच आस जादा भार, खडबडीत वाट, मोडलेले चाक, जनावराचा किंवा हाकणाऱ्याचा दोष, निखळलेली खीळ अशा कारणांनी मध्येच मोडतो, आणि माणसाच्या आयुष्याचेही तसेच आहे. वाटेचा आणि हाकणाऱ्याचा दोष आत्रेयांनी दैवाच्या खात्यावर टाकलेला नाही, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे.

त्याच अध्यायातील दुसरा युक्तिवाद श्रद्धावंतांना अधिक जवळचा वाटावा असा आहे. प्रत्येकाचे आयुष्य नियत, म्हणजे आधीच ठरलेले व न बदलणारे असते, तर दीर्घायुष्यासाठी मंत्र, औषधी, होम, व्रते यांची प्रथाच पडली नसती, आणि उधळलेली जनावरे, कडे किंवा पाण्याचे लोंढे टाळण्याचेही कारण उरले नसते. याचा अर्थ असा की, शिरगावच्या लईराईकडे किंवा पेडण्याच्या भगवतीकडे जो लेकराच्या क्षेमाचे मागणे मागतो, त्याने ते मागतानाच मान्य केलेले असते की पुढे घडायचे ते अजून पुरते ठरलेले नाही. भवितव्य कायमचे ठरलेले असेल तर गाऱ्हाणेही व्यर्थ ठरते, आणि ते बदलू शकत असेल तर त्यासाठी हाताने करता येण्यासारखे जे आहे ते करणे कर्तव्य ठरते. प्रार्थना स्वीकारून प्रयत्न तेवढा दैवाच्या नावाने नाकारणे ही विसंगती आहे.

मोटारीतील मुलाबाबत हा प्रयत्न कोणता, हे आज निश्चित सांगता येते. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलो वजनाच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सरासरी सुमारे 140 किलो भार पेलण्याइतके बळ लागते, आणि ते कोणत्याही आईच्या हातांत नसते. त्यातच तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असते व मान कोवळी असते, म्हणून त्याचे आसन मागच्या सीटवर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस येईल असे बसवतात, जेणेकरून समोरून होणाऱ्या टकरीचा आघात मानेवर एकवटण्याऐवजी सबंध पाठीवर विभागला जातो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी 1960च्या दशकात अशा आसनाचा आरंभीचा नमुना तयार केला. पत्रादेवीहून धारगळमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66, 2023पासून सुरू झालेला मोपा विमानतळ आणि डिचोलीतील खनिजवाहू ट्रकांची वाहतूक लक्षात घेता, हे ज्ञान या दोन तालुक्यांतील घरांना परके राहू नये.

तरीही, मांडीसारखी सुरक्षित जागा दुसरी नाही, ही भावना उरते. तिच्यातील वात्सल्य खरे आहे, पण त्याची कसोटी मुलाला कवेत घेण्याच्या समाधानात नसून मुलाच्या हितात आहे. शिवाय प्रौढ माणूस स्वतःचे आयुष्य दैवावर सोपवू शकतो, मात्र ज्याला अजून निवड करता येत नाही अशा जीवाच्या वतीने तसा निर्णय घेण्याचा अधिकार त्याला कोठून मिळणार? मूल ही आईबापांकडे सोपवलेली ठेव मानली, तर धर्मशास्त्रातील निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा विचार येथे मार्गदर्शक ठरतो. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे गेलेल्या ठेवीची भरपाई राखणाऱ्याकडून घेऊ नये, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. राखणाऱ्याच्या उपेक्षेने जी नष्ट होते तिची जबाबदारी मात्र धर्मशास्त्रकार त्याच्यावरच ठेवतात. दैव आणि उपेक्षा यांतील ही सीमारेषा पुसू न देणे, हेच पालकत्वाचे नीतिशास्त्र आहे.

मोटार वाहन कायद्यातील 2019च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालसुरक्षा साधनाने बांधलेले नसल्यास 1000 रुपये दंड आहे, आणि दुचाकीवर चार वर्षांखालील मुलासाठी चालकाशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांवरील असल्यास हेल्मेट व ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा 15 फेब्रुवारी 2023पासून बंधनकारक आहे. परंतु कर्तव्य सामर्थ्याच्या प्रमाणात असते. ज्या घरात एकच स्कूटर आहे किंवा ज्यांना हजारो रुपयांचे आसन परवडत नाही, त्यांना दोष देऊन धर्म पुरा होत नाही. तान्ह्याचे आसन एका घराला फार काळ लागत नसल्यामुळे देवस्थान समित्या, पंचायती व महिला मंडळे अशी आसने ठेवून गरजूंना वापरायला देऊ शकतात. अपघातात सापडलेले आसन पुन्हा वापरायचे नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे लागेल. गावाची राखण सामुदायिक मानणाऱ्या समाजाला हे अवघड जाऊ नये.

पुरुषकार ही फळाची हमी नव्हे. सर्व काळजी घेऊनही अघटित घडते, आणि अशा वेळी शोकाकुल आईबापांना दैवाचा आधार नाकारणे निर्दयपणाचे होईल. मात्र ते सांत्वन प्रयत्नाच्या पुढचे आहे. प्रयत्नाआधीच दैवाचे नाव घेतले की श्रद्धेचे निमित्त होते. ज्या देवतेपुढे लेकरासाठी हात जोडले, तिच्यावरील विश्वासाशी प्रामाणिक राहायचे असेल, तर त्याच हातांनी गाडी सुरू होण्यापूर्वी त्याचा पट्टा नीट आवळला पाहिजे.