मामा नसलेल्यांची सुट्टी

सुट्टी लागली की मामाच्या गावाला जायचं, हे आपल्याकडे इतकं गृहीत असतं की ज्याला मामाच नाही, किंवा ज्याचा मामाही त्याच गल्लीतल्या तसल्याच खोलीत राहतो, ते पोर कुणाच्या ध्यानात येत नाही. न्यूयॉर्कच्या टेनेमेंटमधली, म्हणजे तिथल्या कोंदट चाळींमधली, पोरं अशीच होती. उन्हाळ्यात खोल्या भट्टीसारख्या तापत, माणसं गच्चीवर झोपत, आणि तान्ही मुलं याच दिवसांत जास्त दगावत. १८७७ साली पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन गावच्या विलार्ड पार्सन्स या प्रेस्बिटेरियन पाद्र्यानं आपल्या चर्चमधल्या लोकांना विचारलं, यातली थोडी पोरं काही दिवस तुमच्या घरी ठेवून घ्याल का? त्या उन्हाळ्यात साठेक मुलं खेड्यात राहून आली. त्यातून ‘फ्रेश एअर फंड’ उभा राहिला आणि तो अजून चालू आहे. आदल्याच वर्षी झुरिकच्या वाल्टर बियोन या पाद्र्यानं ६८ मुलांना आपेन्झेलच्या डोंगरात नेलं होतं. पुढं १९०२ साली न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू मुलांसाठी सरप्राइज लेक कॅम्प निघाला. ही कल्पना एका धर्माची राहिली नाही.

फ्रान्समध्ये अशा सुट्टीच्या वसाहतींत मुलांना जाताना आणि परतताना काट्यावर उभं करत. वजन वाढलं की देणगीदार खूश. त्यात वावगं काही नाही, उपाशी पोराचं वजन वाढणं ही चांगलीच गोष्ट. मला प्रश्न पडतो तो काट्यावर न दिसणाऱ्या ओझ्याचा. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: मिंधेपणा. फुकट मिळणं वेगळं आणि मिंधं होणं वेगळं. आपल्याकडे वार लावून जेवलेल्या, माधुकरी मागून शिकलेल्या मुलांना हा फरक फार लवकर कळायचा. ताटात पडलेलं अन्न फुकटच असे, पण ते वाढणाऱ्या घराची मर्जी सांभाळावी लागे. आमटी खारट झालीय असं म्हणायची सोय नव्हती. अन्नछत्रात जेवून वर मिरपूड मागणाऱ्याला आपली भाषा हसते. आपल्या दानतीबद्दल आपण जे सहसा बोलत नाही, ते ही म्हण बोलून जाते.

पार्सन्सच्या योजनेतही मर्जी होतीच. रोगट, उवा झालेली मुलं तपासणीत गळत. म्हणजे ज्यांना गावची हवा सगळ्यांत गरजेची, तीच बऱ्याचदा मागं राहत. विसाव्या शतकात काळ्या वस्त्यांतली मुलं गोऱ्यांच्या घरी जाऊ लागली. टोबिन मिलर शियरर या इतिहासकारानं २०१७ साली त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. यजमानांना लहान, गोंडस मुलं हवी असत. तीच वयात येऊ लागली की नकोशी होत. दोन आठवडे कुशीत घ्यायचं आणि वस्तीत परत सोडायचं. वस्ती अशी का आहे, हे विचारायची जबाबदारी मात्र कुणावर नव्हती.

हे सगळं वाचून हात झटकणं सोपं आहे. मी स्वतः कुठल्याच देवळात नेमानं जाणारा नव्हे, त्यामुळे मला तर आणखीच सोपं. पण मग अडतो तो कॅलिफोर्नियात १९८५ साली वेन आणि डायेन टेश या जोडप्यानं सुरू केलेल्या कॅम्पपाशी. ‘रॉयल फॅमिली किड्स’ हे त्याचं नाव. मारहाण, हेळसांड सोसलेली आणि सरकारनं आईबापांपासून काढून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे परक्या घरी सांभाळायला दिलेली मुलं इथं येतात. पाचेक दिवसांचा कॅम्प. खर्च चर्चचे लोक उचलतात आणि तेच लोक नोकरीतून रजा काढून दोन-दोन मुलांमागं एकेक मोठं माणूस म्हणून राहतात. पोहणं, मासे पकडणं, गाणी, बायबलच्या गोष्टी. आणि एके दिवशी सगळ्यांचा एकदम वाढदिवस!

हा वाढदिवस मला फार शहाणपणाचा वाटतो. घरं बदलत वाढलेल्या मुलाचे किती वाढदिवस मधल्यामध्ये हरवले असतील, सांगता येत नाही. म्हणून तारीख कुणाला विचारायची नाही. केक सगळ्यांना, भेटीचं खोकं प्रत्येकाला वेगळं, त्याच्या त्याच्या नावाचं. सरकारी यंत्रणा मुलाला खाट देईल, डॉक्टर देईल, फाइल तर देईलच. केक कापताना टाळ्या वाजवायचं मात्र कुठल्याच नियमावलीत बसत नाही. ते श्रद्धेनं आलेल्या माणसांना सुचलं, हे मान्य करायला मला जड जात नाही.

जड जातो तो अशा कॅम्पमधल्या प्रार्थनेचा प्रश्न. आणि तो आपल्याला नवा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, मग दोनेक वर्षं अमेरिकाभर फिरल्या. तिथल्या धर्मपंथांबद्दल आणि धर्मादाय कामांबद्दल त्यांनी परतल्यावर मराठीत लिहिलं. अमेरिकन देणग्यांवर त्यांनी १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढं ते पुण्यात आलं. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि यावंसं वाटलेली मुलगी येऊन बसे. ते दार लावून घ्यायला त्या तयार नव्हत्या. ‘केसरी’नं झोड उठवली, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

त्या भांडणात मला अजून कुठलीच एक बाजू धड घेता येत नाही. स्वतःच्या खोलीचं दार उघडं ठेवणं हा रमाबाईंचा हक्कच होता. पण ज्या हातानं भाकरी दिली, तोच हात दारापाशी दिसत असेल तर बालविधवेला ‘मी येत नाही’ म्हणणं कितीसं सोपं? कॅम्पातल्या नऊ वर्षांच्या पोराला तर त्याहून अवघड. सगळे मित्र संध्याकाळी चॅपलकडे निघालेले असताना त्यानं एकट्यानं खाटेवर बसून राहायचं? जबरदस्ती कुणी करत नाही, तरी मिंधेपणा आपलं काम करतोच.

म्हणून अशा कॅम्पचं पत्रक हातात आलं, तर मी ‘मोफत’ या शब्दापाशी थांबत नाही. प्रार्थनेला न येणाऱ्या पोराजवळ त्या तासाला कोण बसतं, ते मला बघायचं असतं. एखादी ताई पत्ते घेऊन बसत असेल, पोर जिंकल्यावर चिडवत असेल, जेवण बेचव म्हणालं तर हसत असेल, तर त्या कॅम्पला माझा नमस्कार. तिथं मिरपूड मागता येते.

पाच दिवस संपतात. निघताना मुलाच्या हातात त्याच्याच फोटोंचा अल्बम देतात. घर बदलताना या मुलांचं सामान कितीदा तरी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलं जातं, हे अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक आहे. अल्बमही त्याच पिशवीत जात असणार, बहुधा कपड्यांच्या मध्ये, कोपरे दुमडू नयेत म्हणून.