मस्टरवरचा अंगठा

अरुण भाटियांचं नाव मी पयल्यांदा रोजगार हमीच्या कामावर ऐकलं. १९८२ च्या सुमारास धुळ्याचे कलेक्टर असताना त्यांनी मस्टरं तपासली, खोटी नावं बाहेर काढली. मंग बदली. धारणीकडं रस्त्यावर मुरूम टाकताना आम्ही म्हणायचो, असा सायेब इकडं यावा.

पण खरं सांगतो. एका मस्टरवर मी बहिणीच्या नावापुढं अंगठा मारला होता. ती तवा सासरी होती. अर्धे पैसे मुकादमानं ठेवले, अर्ध्याची आम्ही ज्वारी आणली. हा सायेब आला असता तर पयला मीच सापडलो असतो.

२००४ मध्ये भाटिया पुण्यातून लोकसभेला उभे राहिले, पडले. टपरीवर एकजण म्हणाला, "मानूस सच्चा हाय, पन लई हेकट." दुसऱ्याची चोरी धरतो तोवर आपण त्याला सच्चा म्हणतो. मत द्यायची वेळ आली की हेकट. अर्थात हुकूम देणाऱ्याला मतं मागणं जड जात असेल, तेही खरं.

माझं मत पुण्यात नव्हतं. असतं तर? त्या ज्वारीची भाकर मी दोनदा मागून खाल्ली होती.