न दिसणारी भिंत

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी मोजणीचा नकाशा, सातबाऱ्याची नक्कल आणि बांधकामाची परवानगी यांची यातायात आटोपून जो गृहस्थ आपल्या दोन गुंठ्यांवर घर बांधावयास निघतो, त्याच्या घराचा प्लॅन आज ड्रॉइंग बोर्डावर नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर, बहुधा ऑटोकॅडमध्ये, आकार घेतो. आणि तो काढणाऱ्या ड्राफ्ट्समनपुढे जी अडचण वारंवार उभी राहते ती हिशेबाची किंवा सौंदर्यदृष्टीची नसून अस्तित्वाची असते. काल काढलेली स्वयंपाकघराची भिंत आज पडद्यावर नाही. नवशिका तत्काळ निकाल देतो की भिंत पुसली गेली, आणि ती पुन्हा काढावयास बसतो. जाणता मनुष्य हात आवरतो. कारण भिंत नाही, की भिंत असूनही दिसत नाही, हा प्रश्न सुटल्यावाचून माउसला हात लावणे त्याला अविचाराचे वाटते.

न दिसण्याची कारणे खरोखर अनेक असतात. भिंत ज्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या ज्या पारदर्शक थरावर, काढली ती लेयर कोणी बंद केली असेल किंवा गोठवली असेल. रेषेला शुभ्र रंग नेमून दिला असेल आणि मागचा कागदही शुभ्रच असेल. भिंतीतील हॅच दिसत नसेल, तर भरण दाखवण्याची सोयच, जिला फिलमोड म्हणतात ती, शून्यावर गेलेली असेल. किंवा चुकून कोठे तरी कोसभर दूर पडलेल्या एका ठिपक्यामुळे, सगळा नकाशा एकदम दाखव अशी आज्ञा देताच अख्खे घर पडद्याच्या कोपऱ्यात राईएवढे होऊन बसले असेल. यांपैकी एकाही प्रसंगी भिंतीला काहीही झालेले नसते. घाईने निकाल देणाऱ्याला मात्र शासन होते, कारण पुढे केव्हा तरी ती लेयर उघडली जाते आणि एका भिंतीवर दुसरी भिंत चढलेली आढळते. रेषा मोजून विटांचा अंदाज काढणाऱ्याचे माप तेथे दुप्पट होते. याहून गंभीर गोष्ट अशी की बंद केलेल्या लेयरवरील वस्तू दृष्टीआड असल्या तरी 'सर्व पुसून टाक' या आज्ञेच्या टप्प्यात येतात, गोठवलेल्या लेयरवरील मात्र वाचतात. म्हणजे जे दिसत नाही म्हणून नाही असे आपण गृहीत धरले, तेच आपल्या हातून नष्ट होण्याचा संभव असतो.

न दिसणे हे नसण्याचे प्रमाण केव्हा ठरते, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके विलक्षण निष्ठेने चर्चिला आहे. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे प्रत्यक्ष व अनुमान यांच्याहून वेगळे, स्वतंत्र प्रमाण मानले; नैयायिकांनी तिला स्वतंत्र पदवी न देता अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच समाविष्ट केले; पण एका अटीवर दोघांचाही कटाक्ष होता, आणि ती अट म्हणजे योग्यता. समोरच्या जमिनीवर घट नाही असे म्हणण्याचा अधिकार मला तेव्हाच मिळतो, जेव्हा पुरेसा प्रकाश आहे, डोळे शाबूत आहेत, मध्ये आडपडदा नाही आणि घट असता तर तो दिसलाच असता असे मी खात्रीने सांगू शकतो. अंधारात घट दिसला नाही ही गोष्ट घटाविषयी काहीच सांगत नाही. जाणता ड्राफ्ट्समन लेयरची यादी उघडून पाहतो, रंग तपासतो, पडद्याची व्याप्ती पाहतो, तेव्हा त्याला नाव ठाऊक नसले तरी तो योग्यानुपलब्धीचाच शोध घेत असतो. पंचनाम्यातही नुसते 'मिळून आले नाही' एवढ्याने भागत नाही. झडती कोणत्या जागेची व कोणासमक्ष घेतली याची नोंद असल्याखेरीज त्या वाक्याला वजन येत नाही.

मिथिलेचे उदयनाचार्य, ज्यांच्या 'लक्षणावली'वर शके 906 म्हणजे इ.स. 984 हा काळ नोंदलेला आहे, त्यांनी हीच अट 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराच्या प्रश्नाला लावली. ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही, असे म्हणणाऱ्या चार्वाकाला त्यांनी दिलेले उत्तर घरापासूनच सुरू होते: जो केवळ न दिसण्यावरून नसणे सिद्ध करतो, त्याने घराबाहेर पाऊल टाकताच बायकामुलांचा शोक आरंभला पाहिजे, कारण त्या क्षणी ती त्याला दिसत नाहीत. या युक्तिवादाचे बळ मला निर्विवाद वाटते. परंतु त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे श्रद्धेचे वकील येथेच थांबतात आणि खटला जिंकल्याचे जाहीर करतात. न दिसणे हा नसण्याचा पुरावा नव्हे, एवढ्याने असणे सिद्ध होत नाही. उदयनाचार्यांना हे पक्के माहीत होते. म्हणूनच त्यांनी पुढे कार्यावरून कर्त्याचे अनुमान मांडले. श्रीगोंदे तालुक्यात भीमेकाठी पेडगावच्या किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचे जे यादवकालीन मंदिर आहे, त्याचा आराखडा आज कोणाच्या दफ्तरात नाही, तरी तो कोणा सूत्रधाराच्या मनात होता याविषयी तेथील कोरीव स्तंभ पाहणारा मनुष्य शंका घेत नाही. जग हेही असेच कार्य आहे, असे उदयनाचार्य म्हणतात. कुमारिलांना हे मान्य नाही. ज्यांच्या परंपरेने अभावाच्या ज्ञानाला स्वतंत्र प्रमाणाची प्रतिष्ठा दिली, त्यांनीच 'श्लोकवार्तिका'त जगाच्या कर्त्याची कल्पना खोडून काढली आहे. म्हणजे एकच शिस्त पाळणारे दोन थोर पुरुष दोन टोकांना पोहोचले. या घटनेकडे आस्तिकाने आणि नास्तिकाने सारख्याच आदराने पाहावे असे मला वाटते.

संगणकावरील नकाशात असून न दिसण्याच्या उलट प्रकारही घडतो. ऑटोकॅडमध्ये मापे टाकताच 'डेफपॉइंट्स' नावाची एक लेयर आपोआप उत्पन्न होते. तिच्यावर काढलेली भिंत पडद्यावर स्वच्छ दिसते, पण छपाईत कधीही उतरत नाही. जेथे परवानगीसाठी दिलेल्या नकाशाची छाननी संगणकच करतो, तेथे तर रेषा नेमून दिलेल्या लेयरवर नसेल, तर दहा माणसांच्या डोळ्यांना दिसणारा जिना यंत्राच्या लेखी नसतोच. तेव्हा दिसणे हाही असण्याचा अंतिम दाखला नव्हे. कोणी म्हणेल, मग काहीच निश्चित नाही. तसे नाही. येथे प्रत्येक दोषाला नाव आहे, प्रत्येक नावाला तपासण्याची जागा आहे. बंद लेयर यादीत असते आणि उघडता येते. कोणी यादीत नसलेल्या, कधीही न उघडणाऱ्या लेयरवर आपली भिंत आहे असा आग्रह धरू लागला, तर त्याचे म्हणणे खोडता येणार नाही हे खरे, परंतु त्या भिंतीवर स्लॅब टाकावयास कोणताही शहाणा गवंडी तयार होणार नाही.

धर्माच्या नावाने अशा न उघडणाऱ्या लेयरींचा व्यापार फार चालतो, आणि त्याविरुद्ध ज्यांनी अत्यंत परखडपणे लिहिले त्यांत श्रीगोंद्याचे शेख महंमद अग्रगण्य आहेत. मुसलमान कुळात जन्मलेले, परंपरेप्रमाणे चांद बोधल्यांचा अनुग्रह लाभलेले आणि मालोजीराजे भोसल्यांनी गुरुस्थानी मानलेले हे संत. त्यांचा अठरा प्रसंगांचा 'योगसंग्राम' इ.स. 1645 मध्ये पूर्ण झाला. भोंदू गुरू, अंगात येणारी दैवते आणि नुसता बाह्याचार यांची त्यांनी गय केली नाही. त्याच वेळी अव्यक्त परमात्मा हा अनुभवास येतो, चित्तशुद्धीने येतो, अशी त्यांची प्रतिज्ञा आहे. आणि माझ्या मते या प्रतिज्ञेने सगळा प्रश्नच पालटतो. उदयनाचार्यांनी ईश्वराला प्रत्यक्षास अयोग्य ठरवून नास्तिकाच्या आक्षेपापासून सुरक्षित केले. संत ही सुरक्षितता स्वतःहून सोडून देतात. अमुक साधन करा, म्हणजे दिसेल, असे जो सांगतो, त्याने आपला सिद्धांत योग्यानुपलब्धीच्या कक्षेत आणून ठेवलेला असतो. लेयरचे नाव सांगितलेले असते, ती उघडण्याची रीत सांगितलेली असते.

मग ज्याने आयुष्यभर ती रीत निष्कपटपणे आचरली, अहंकार झिजवला, लोकांची सेवा केली, नामस्मरण सोडले नाही, आणि तरीही ज्याला काही दिसले नाही, त्याच्याविषयी आपण काय म्हणणार? आजवरची प्रथा अशी आहे की त्याच्या साधनेत काही उणीव राहिली असे सांगून त्याला परत पाठवावे. घट न दिसण्याला दर वेळी डोळ्यांचाच दोष ठरवण्याची ही प्रथा न्याय्य नाही, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते. जेथे प्रकाश होता आणि डोळे शाबूत होते असे आपणच कबूल करतो, तेथे त्याचे 'नाही' हे बाजारातल्या टवाळाचे 'नाही' नव्हे. संताच्या 'आहे'शेजारी तेही नोंदले गेले पाहिजे, आणि ज्यांना शेख महंमदांच्या प्रतिज्ञेवर विश्वास आहे, त्यांनीच ही नोंद सर्वांआधी मागितली पाहिजे.