राखणदाराला हिशेब विचारा

घरातला संगणक संथ झाला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. ‘जुना झाला, आता नवा घ्यायला हवा’ असे म्हणून कोणी हताश होतो, तर ‘व्हायरस शिरला असेल’ असे म्हणून कोणी आणखी एक अँटिव्हायरस त्यावर चढवतो. संगणक या क्षणी नेमका कशात गुंतला आहे, हे पाहणारी माणसे थोडी. ते पाहायला पैसे लागत नाहीत की इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. कारण विचारायची सवय मात्र लागते. ती सवय आपण घरोघरी लावून घेतली पाहिजे आणि ज्याच्यावर राखण सोपवली त्याच्याकडेही हिशेब मागितला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी हा राखणदार करतो काय ते पाहू. अँटिव्हायरस यंत्रणेच्या खोल थरात बसलेला असतो. आपण एखादी फाइल उघडली, ब्राउझर सुरू केला किंवा पेन ड्राइव्ह लावला, की ती प्रत्येक फाइल आधी त्याच्या हातून जाते. एक साधा प्रोग्रॅम सुरू होताना पडद्यामागे शेकडो फाइली उघडतात आणि त्यातल्या बऱ्याच तपासल्या जातात. एसएसडी असलेल्या नव्या यंत्रावर हे जाणवतही नाही. पण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला सेकंदाला शंभराच्या आसपासच वेगवेगळ्या जागी वाचता येते. त्यात रॅम अवघी ४ जीबी असेल, तर तपासणी आणि आपले काम एकाच डिस्कसाठी झटापट करू लागतात आणि यंत्र हँग होते.

आता अशा यंत्रावर दोन अँटिव्हायरस असले तर? एकाने तपासण्यासाठी फाइल उघडली की ते उघडणे दुसऱ्याला दिसते आणि तोही तीच फाइल तपासायला घेतो. कित्येकदा एकाला दुसऱ्याचेच वागणे संशयास्पद वाटते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो आणि दुसरा अँटिव्हायरस बसवला की तो सहसा आपणहून बाजूला होतो. बाहेरून आणलेले दोघे मात्र एकमेकांना अशी वाट देतीलच असे नाही. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायलचा एक, दुकानदाराने घातलेला दुसरा, आणि कुणा नातेवाइकाने ‘हा चांगला आहे’ म्हणून टाकून दिलेला तिसरा, अशी भर पडत जाते. प्रत्येक जण काळजीपोटीच बसवलेला असतो. आधीचा काढायला हवा, हे कोणी सांगितलेले नसते.

म्हणून पहिले पाऊल निरीक्षणाचे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. ‘डिस्क’ या मथळ्यावर क्लिक केले की डिस्क सर्वांत जास्त कोण वापरतो ते वर येते. तिथे ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ असे नाव दिसले तर तो विंडोजचा डिफेंडर आहे. घाबरू नये, लगेच बंदही करू नये. तो कधी धावतो ते पाहावे. बऱ्याच घरांत संगणक आठवड्यातून एकदाच, रविवारी, लावला जातो. त्या दिवशी विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसचे अपडेट आणि राहून गेलेले स्कॅन हे सगळे एकाच वेळी सुरू होते आणि आपण त्याच घटकेला मुलाचा फॉर्म भरायला बसतो. तिथे बिघाड काहीच नसतो. यंत्र लावून अर्धा तास तसेच राहू द्यावे आणि पूर्ण स्कॅनची वेळ जेवणाच्या सुमारास ठेवावी, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

दुसरे पाऊल, एका वेळी एकच बदल. अँटिव्हायरस एकापेक्षा जास्त असतील तर एक ठेवून बाकीचे काढावेत. सेटिंगमधून अनइन्स्टॉल केल्यावरही काहींचे अवशेष मागे राहतात, म्हणून अनेक कंपन्या ते साफ करणारे वेगळे साधन देतात. ते त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. मग यंत्र रीस्टार्ट करावे, विंडोज सिक्युरिटी उघडून संरक्षण चालू आहे याची खात्री करावी आणि दोन-तीन दिवस पाहावे. तरीही संथपणा गेला नाही, तर अँटिव्हायरस निर्दोष असू शकतो. सुरुवातीलाच उघडणारे पंधरा-वीस प्रोग्रॅम, अपुरी रॅम किंवा मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क, यांतले काहीही कारण असेल. डिस्कबद्दल शंका आली तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढून घ्यावी. पाच गोष्टी एकदम बदलणाऱ्याला यंत्र सुधारले तरी काही कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तितकाच असहाय असतो. शहानिशा न करता दोषी ठरवणे माणसाच्या बाबतीत अन्यायाचे असते. यंत्राच्या बाबतीत ते अज्ञान जपणारे असते.

एवढा आग्रह का, असे कोणी विचारेल. कारण आपली भीती हा कुणाचा तरी धंदा आहे. अमेरिकेतल्या ऑफिस डेपो या दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची तपासणी होत असे. सुरुवातीलाच ग्राहकाला विचारले जाई: संगणक संथ आहे का, व्हायरसची सूचना आली का, तो वारंवार बंद पडतो का, जाहिराती उसळतात का? यांपैकी एकाला जरी ‘हो’ म्हटले, तरी घातक सॉफ्टवेअरची लक्षणे सापडल्याचे निदान पुढे येई, आणि त्या निदानावर दुरुस्ती विकली जाई. तिथल्या संघीय व्यापार आयोगाने हा आरोप ठेवला, आणि २०१९ साली ऑफिस डेपो व तिची सहयोगी कंपनी यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे फोनवर सांगून परदेशातल्या वृद्धांना लुबाडणारी कॉल सेंटरे आपल्या देशातही चालली. सीबीआयला त्यांच्यावर छापे घालावे लागले. ही आपल्यासाठी लाजेची गोष्ट आहे. ज्यांच्या घरात टास्क मॅनेजर उघडून पाहणारे एक जरी माणूस असते, त्यांना असे गंडवणे अवघड असते.

राखणदारही चुकतो, हे तर उघड घडलेले आहे. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची आवश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि हजारो संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आणि त्याच २०२४ साली अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आरोप ठेवला, की वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती गोळा करून तिने ती उपकंपनीमार्फत विकली. १.६५ कोटी डॉलर भरण्याची वेळ तिच्यावर आली. घरातली प्रत्येक फाइल पाहण्याची मुभा ज्याला दिली, त्याने काय पाहिले आणि ते कोणाला दाखवले, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे.

यावरून राखणदार हाकलून द्या असा अर्थ कोणी काढू नये. तो लागतोच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातील लाखो संगणक कुलूपबंद केले. त्याने वापरलेली फट बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नाही, त्यांतल्या पुष्कळांना फटका बसला. एक चांगला अँटिव्हायरस आणि वेळच्या वेळी अपडेट एवढी शिस्त पाळली, तर भारंभार जमवलेल्या कवचांची गरज उरत नाही. यातच आपल्या प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे. चोरीचे सॉफ्टवेअर चालावे म्हणून आपण इंटरनेटवरून ‘अॅक्टिव्हेटर’ उतरवतो, त्याच्या सूचनेनुसार अँटिव्हायरस बंद करतो, आणि चार दिवसांनी यंत्र रखडले की नवा अँटिव्हायरस विकत आणतो. जे पैसे वाचवले असे वाटले, तेच भीतीच्या खात्यात भरले जातात. लिब्रेऑफिससारखी मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर उपलब्ध असताना याला कसलीही सबब उरत नाही.

दुरुस्ती करणाऱ्या बंधूंकडेही माझे मागणे आहे. तुमचे कष्ट खरे आहेत आणि त्यांचे मोल मिळायलाच हवे. पण प्रत्येक तक्रारीवर ‘फॉरमॅट मारू या’ म्हणू नका. काय बिघडले होते, काय काढले, काय बसवले, हे बिलावर चार ओळींत लिहून द्या. जे विंडोजमध्ये आधीच आहे ते विकत घ्यायला लावू नका. ज्याला कारण कळते तो गिऱ्हाईक विश्वासाने परत येतो.

मात्र सर्वांत मोठी सुधारणा घराच्या आतच व्हायला हवी. संगणक घराचा असतो, पण त्याचा पासवर्ड आणि त्याचे ज्ञान एकाच माणसाकडे असते. आईने माऊस धरला की ‘राहू दे, बिघडेल’, आजोबांनी विचारले की ‘तुम्हाला नाही कळायचं’, मुलीने सेटिंग उघडले की ‘हात लावू नकोस’. १८४८ साली ज्या पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा उघडली, त्या पुण्याच्या आणि महाराष्ट्राच्या घरांत हे वागणे शोभत नाही. ज्याला यंत्राचे कारण कळू दिले जात नाही, तोच ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या फोनला बळी पडतो, आणि मग आपणच त्याला बावळट ठरवतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायची, हेही ज्याने-त्याने घरच्यांना सांगून ठेवले पाहिजे.

म्हणून पहिल्या मोकळ्या दिवशी घरातल्या सगळ्यांना संगणकापुढे बसवा. टास्क मॅनेजर उघडून दाखवा, कोणता अँटिव्हायरस चालू आहे आणि त्याची मुदत कधी संपते ते बघा, जादाचे काढा आणि राहिलेल्याची स्कॅनची वेळ सर्वांच्या सोयीने ठरवा. काय केले ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. आणि हे सारे करताना माऊस त्याच्या हाती द्या, ज्याला आजवर त्याला हात लावू दिला नव्हता. तो चुकेल, वेळ लागेल, लागू द्या. स्वतः कारण शोधलेल्या माणसाला घाबरवून काही विकणे फार कठीण असते, आणि अशी माणसे प्रत्येक घरात असणे हेच आपले सर्वांत भक्कम संरक्षण आहे.